सिमेंट हात खातं

हे पान सावकाश वाचायचं आहे. मध्येमध्ये थांबायचं आहे. डोळे मिटायचे नाहीत, श्वास मोजायचा नाही. नुसतं बघायचं आहे. बसल्या जागी एक हात पुढे घ्या आणि पालथा करा. तळवा नको. तळव्याचं कौतुक आपल्याकडे भरपूर झालं आहे, पहाटेच्या करदर्शनापासून ज्योतिषाच्या भिंगापर्यंत. हाताच्या पाठीकडे सहसा कोणी बघत नाही. आज तिथंच बघू.

बारीक लव आहे, शिरा आहेत, पेरांवर सुरकुत्या आहेत. बोटं फाकवा. दोन बोटांच्या बेचक्यातली कातडी ताणली गेली, ती किती पातळ आहे ते बघा. त्वचेचा सगळ्यात वरचा थर इथं मिलिमीटरच्या जेमतेम पन्नासाव्या भागाइतका असतो. तळव्यावर तो कितीतरी जाड, म्हणून तळवा सोसतो, घट्टे पाडून घेतो आणि कामाला लागतो. हाताची पाठ, बेचकी, मनगट यांना ते जमत नाही. कामाचं दुखणं बहुधा आधी इथं उमटतं.

हा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. मेलेल्या असूनही त्या नोकरीवर असतात. त्वचेचे डॉक्टर त्यांची रचना समजावताना भिंतीचा दाखला देतात: पेशी या विटा, आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध द्रव्यांचा माल भरलेला. विटा कितीही पक्क्या असल्या तरी सांधे रिकामे झाले की भिंतीचा भरवसा संपला. या सांध्यांमुळे आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरचं बाहेर. खालून नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात, झडतात. साधारण महिन्याभरात सगळं बांधकाम नवं होतं. कोणी न सांगता, कोणतंही टेंडर न काढता.

महिना. हा अवधी मनात ठेवा.

आणखी एक गोष्ट मनात ठेवायची. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आंबट असतो. शेतकरी जसा जमिनीचा सामू तपासून घेतो तसा त्वचेचा तपासला, तर तो पाचाच्या आसपास भरतो. हा आंबटपणा सांधे भरणाऱ्या स्निग्ध द्रव्यांना सांभाळतो, जंतूंना आवरतो. आपण दिवसभर या पातळ आंबट थरातून जगाला हात लावत असतो, आणि त्याची आठवणही येत नाही. ज्याला आठवण येत नाही त्याची भिंत शाबूत आहे असं समजावं.

आता उठा आणि खोलीच्या भिंतीला हात लावा.

गार लागते. रंगाखाली लांबी आहे, लांबीखाली गिलावा, गिलाव्याखाली विटा. हा गिलावा कोणीतरी थापीने मारला आणि रंध्याने सपाट केला. त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही. बिल्डरचं माहीत आहे, सोसायटीचं माहीत आहे, क्वचित आर्किटेक्टचंही. गवंड्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. नावासाठी हळहळून काही होत नाही, तेव्हा ते राहू द्या. त्याचा हात डोळ्यांसमोर आणा.

सकाळी आठच्या सुमाराला तो नाक्यावरून साइटवर आला. बिगाऱ्याने वाळू आणि सिमेंट कोरडं मिसळलं, मध्ये खड्डा करून पाणी ओतलं आणि माल कालवला. सिमेंटला पाणी लागलं की त्यातला चुना जागा होतो. ओल्या सिमेंटचा सामू बाराच्या वर जातो. पाच आणि बारा यांत सात पायऱ्या आहेत, आणि सामूची प्रत्येक पायरी दहापटीची असते. सात पायऱ्या म्हणजे एक कोटी पट. आपल्या आंबट, पातळ थरापेक्षा एक कोटी पट विरुद्ध स्वभावाचा हा लगदा त्याच्या मनगटावर उडतो, नखांच्या कडेला बसतो, बेचक्यात वाळतो. वाळूचे कण वरून घासत असतात. चुना सांध्यांतली स्निग्धता ओढून घेतो आणि वाळू विटा खरवडते.

साइटवर विचारलं तर कोणीही सांगेल, “सिमेंट हात खातं.” हे तक्रारीच्या सुरात कोणी सांगत नाही. पाऊस पडतो, ऊन लागतं, तसं सिमेंट हात खातं.

इथं जरा थांबा. आपण गार भिंतीला हात लावून उभे आहोत, आणि ही भिंत ओली असताना कोणाची तरी दुसरी भिंत विरघळत होती. अपराधी वाटून घ्यायची गरज नाही. फक्त दोन्ही भिंती एकाच वेळी मनात धरता येतात का ते बघा. मला ते अवघड जातं. एक धरली की दुसरी निसटते.

स्लॅबच्या दिवशी गोष्ट वेगळी असते. त्या दिवशी काम थांबवता येत नाही. मालाची गाडी आली की शेवटचं घमेलं पडेपर्यंत चालूच राहतं. गमबूट असला तरी वरून ओला माल आत शिरतो आणि पोटरीला चिकटून बसतो. गुडघे टेकून काम करणाऱ्याची पँट भिजते. अल्कलीची जखम फसवी असते. ॲसिड लागलं तर माणूस लगेच ओरडतो. ओलं सिमेंट सुरुवातीला काही कळू देत नाही, गारच वाटतं. काही तासांनी, संध्याकाळी बूट काढताना, कातडी लाल-काळी झालेली, कुठे निघून आलेली दिसते. तोवर भाजणं आतवर गेलेलं असतं.

ही झाली चुन्याची करणी. ती कोणालाही होते, पहिल्याच दिवशी होऊ शकते, आणि हात सिमेंटपासून दूर राहिला तर बरीही होते. सिमेंटमध्ये दुसरंही एक द्रव्य आहे, आणि ते माणसाला ओळख ठेवायला शिकवतं.

चुनखडी आणि मातीत क्रोमियमचा अंश असतो. भट्टीत साडेचौदाशे अंशांच्या आसपासच्या उष्णतेत त्यातल्या काहीचं रूप बदलतं; रसायनशास्त्रात त्याला षट्‌संयुजी क्रोमियम म्हणतात. हे रूप पाण्यात विरघळतं आणि कातडीच्या रिकाम्या सांध्यांतून आत उतरतं. प्रमाण किती? दहा लाखांत काही भाग, एवढंच. आत गेल्यावर ते शरीराच्या प्रथिनांना चिकटतं. रोज जखम, रोज क्रोमियम, असं काही महिने किंवा काही वर्षं चाललं की एक दिवस शरीराच्या संरक्षक पेशी ठरवतात की हा शत्रू आहे. ठरवलं की ठरवलं. ही आठवण बहुतेकांत जन्मभर टिकते. मग सिमेंटचा थोडा स्पर्शही पुरतो: खाज, बारीक पाणीदार फोड, लस, खपली, भेगा, आणि पुन्हा तेच. आपण याला इसब म्हणतो.

क्रोमियमची ओळख झालेल्या माणसाने गवंडीकाम सोडलं तरी सुटका होईलच असं नाही. बाजारातलं बरंचसं चामडं क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं असतं. काम सोडून गावी गेलेल्याच्या पायांवर चपलेच्या पट्ट्यांच्या आकाराचे चट्टे उठतात. (हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या जुन्या पद्धतीच्या कोल्हापुरी चपलेत हा क्रोमियम नसतो, हे तिच्याविषयी सहसा सांगितलं जात नाही.) सिमेंट हाताळलं हातांनी, आणि दाद मागतात पाय, डॉक्टरला हा दुवा लागणार कसा?

यापुढचा भाग माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात कठीण आहे. तो हळू वाचा.

ॲलर्जीची खाज लगेच उठत नाही. एक-दोन दिवसांनी उठते. शनिवारी स्लॅब भरला. रविवारी सुटी, घरी वांग्याची भाजी झाली. सोमवारी हात फुटले. आता तुम्ही त्या माणसाच्या जागी असता तर कोणाला दोष दिला असता? वांग्याला. आपल्याकडे वांगं त्यासाठीच असतं. मग वांगं बंद, अंडी बंद, सुकट बंद, आंबट बंद. शेजारीण सांगते रक्त बिघडलंय. कोणी म्हणतं उष्णता आहे, कोणी म्हणतं आंघोळ नीट करत नाही. मेडिकलवाला एक ट्यूब देतो. तिच्यात बहुधा तेज स्टेरॉइड असतं, जोडीला बुरशीचं आणि जंतूंचं औषध कालवलेलं. दोन दिवसांत खाज बसते, माणूस खूश होतो, ट्यूब संपते, खाज परत येते, ट्यूब परत येते. काही महिन्यांत कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ होते आणि त्यावर नायटा पसरतो तो कशालाच दाद देत नाही.

आणि मग तो दिवाळीला किंवा जत्रेला गावी जातो. पंधरा दिवसांत हात निम्मे बरे होतात. घरचे म्हणतात, गावचं पाणी मानवलं. देवाला नारळ फोडला जातो. मुंबईला परतून आठवडा झाला की हात पुन्हा फुटतात. शहराचं पाणी बाधलं म्हणायचं.

खरं तर तो नारळ हे निदान होतं. काम बंद केल्यावर बरं वाटतं आणि कामावर परतल्यावर वाढतं, एवढी एक गोष्ट विचारली तरी या दुखण्याचं निम्मं गुपित उघडतं. माणसाचं शरीर खरं सांगत होतं, दिवसांच्या हिशेबासह. ऐकणारे सगळे वांग्याकडे बघत होते.

आता कोणी सहज म्हणेल, हातमोजे का घालत नाहीत हे लोक? हा प्रश्न मनात येऊ द्या, त्याला हाकलू नका, पण त्याच्या मागे मागे जा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता रबरी हातमोज्यात हात घाला आणि तासभर ठेवा. आत घामाचं पाणी साचतं. पाण्यात भिजलेली कातडी फुगते, तिचे सांधे सैल होतात. हातमोजा कुठे फाटला आणि ओला माल आत गेला तर तो दिवसभर कातडीला दाबून बसतो. त्यापेक्षा उघडा हात बरा. चामड्याचा हातमोजा घ्यावा तर त्यातही क्रोमियम असू शकतो. रबर टणक करायला वापरतात त्या रसायनांचीही काहींना ॲलर्जी येते. अमेरिकेत १९३९ मध्ये कातडी कमावण्याच्या एका कारखान्यात कामगारांच्या हातांवर पांढरे डाग पडलेले आढळले. शोध घेतला तेव्हा दोष हातमोज्यांच्या रबरातल्या एका द्रव्याचा निघाला. हात राखायला दिलेल्या वस्तूनेच हातांचा रंग नेला होता.

चांगले, मापाचे, आतून सुती अस्तर असलेले, फाटले की बदलून मिळणारे हातमोजे उपयोगी असतात, यात वाद नाही. पण ते विकत कोण घेणार? थापी गवंड्याची स्वतःची असते. हातमोजेही त्याचेच असावेत असं धरलेलं असतं. आणि हात ही तर त्याचीच वस्तू.

डेन्मार्कने प्रश्न वेगळा विचारला. मजुराच्या हातावर काय चढवावं याऐवजी सिमेंटमध्ये काय घालावं. १९८१ पासून तिथं सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळायला लागले. ते षट्‌संयुजी क्रोमियमला दुसऱ्या रूपात नेतं. ते रूप पाण्यात फारसं विरघळत नाही आणि कातडीतून सहज उतरत नाही. काही वर्षांतच तिथल्या काँक्रीट कामगारांमधली क्रोमियमची ॲलर्जी ठळकपणे उतरलेली दिसली. पुढे युरोपीय संघाने २००५ पासून दंडक घातला: हाताळायच्या सिमेंटमध्ये विरघळणारं षट्‌संयुजी क्रोमियम दहा लाखांत दोन भागांपेक्षा जास्त नको. या द्रव्याचा गुण साठवणीत हळूहळू ओसरतो, म्हणून तिथं पोत्यावर तो किती काळ टिकेल हेही छापावं लागतं.

फेरस सल्फेट म्हणजे काय अद्भुत वस्तू आहे? आपला हिराकस. जुन्या शाईत असायचा तो. ऊस किंवा भुईमूग पिवळा पडला की शेतकरी कृषी सेवा केंद्रातून आणून फवारतो तो. सिमेंटला लागणारं त्याचं प्रमाण सर्वसाधारणपणे अर्ध्या टक्क्याच्या आत. पन्नास किलोच्या पोत्याला पाव किलोहून कमी.

पाव किलो हिराकस एका बाजूला ठेवा. दुसऱ्या बाजूला बंद केलेली वांगी, ट्यूब, फोडलेले नारळ, बुडालेले रोज ठेवा. काही क्षण दोन्हीकडे बघत राहा. मला इथं राग येतो, आणि तो येऊ द्यावा असं मला वाटतं. मननात राग नको असं म्हणणारे बहुधा ओल्या मालापासून लांब बसलेले असतात.

भिंतीवरचा हात काढा आणि स्वयंपाकघरात चला. इथं सिमेंट नाही, पाणी आहे.

पाणी निरुपद्रवी, असा आपला समज. पण कातडीला पाणी फार वेळ सोसत नाही. जर्मनीत कामगारांच्या सुरक्षेच्या नियमांत दिवसाला दोन तासांहून जास्त हात ओल्यात राहिले तर त्याला ‘ओलं काम’ म्हणून वेगळं धरतात आणि मालकावर त्याची जबाबदारी येते. आता तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंचा दिवस मांडा. तुमचं एक घर. तुमच्या आधीचं एक, नंतरची दोन-तीन. प्रत्येक घरी भांडी, फरशी, कुठे कपडे, कुठे बाथरूम. प्रत्येक घरचा साबण वेगळा, फिनेल वेगळं, आणि संडास घासायचं ॲसिड तर बाटलीवरचं न वाचताच हातात दिलेलं. दोन घरांमध्ये हात पदराला पुसले जातात, तेवढाच कोरडा वेळ. साबण स्निग्धता नेतो, पाणी सांधे सैल करतं. अंगठीखाली आणि बांगड्यांखाली साबण अडकून राहतो. म्हणून बोटावर अंगठीच्या आकाराचा चट्टा उठतो. नखाची कड सुजते, नखुरडं होतं, ठणकतं. लसूण सोलायचं कामही असेल तर डाव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं टोकांना फुटतात, कारण पाकळी त्या बोटांत धरलेली असते. हात बघून काम सांगता येतं, एवढी नेमकी ही खूण असते.

महिन्याची गोष्ट मनात ठेवली आहे ना? भिंत नवी व्हायला साधारण महिना लागतो, आणि इसबानंतर ती वरून बरी दिसली तरी पूर्ववत व्हायला त्याहून जास्त काळ लागतो. भांडीवाल्या ताईंना महिनाभर हात कोरडे ठेवायला सांगणारा डॉक्टर खरंच बोलतो. ताई मान हलवतात आणि संध्याकाळच्या घरी जातात. महिनाभर सुटी घेतली तर घरं जातात. इतक्या सुट्या आपण तरी देतो का? या प्रश्नाचं उत्तर मोठ्याने द्यायला नको. मनातल्या मनात मात्र द्या.

हात फुटलेले दिसले की आणखी एक गोष्ट घडते. मालकीण विचारते, “हे लागण होण्यासारखं तर नाही ना?” साबणाने झालेला इसब कोणाला लागत नाही. तरी ताईंचा कप वेगळा होतो, कणीक मळायचं काम जातं. नाक्यावर मुकादमाची नजर हातांवर गेली की बिगाऱ्याचा रोज जातो. म्हणून हात लपवले जातात, आणि लपवलेला हात डॉक्टरपर्यंत पोचत नाही.

शेताकडे वळू. इथं मी फार वेळ थांबणार नाही, पण पुण्याचं एक पीक सांगितल्याशिवाय राहवत नाही. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर पुण्यात एक अनोळखी तण दिसलं, पांढऱ्या बारीक फुलांचं, गाजरासारख्या पानांचं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते पसरलं असं मानलं जातं. गाजरगवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी, जे म्हणाल ते. काही वर्षांत पुण्याच्या त्वचारोग डॉक्टरांकडे पापण्या, मान, कोपराची लवण सुजलेली, कातडी हत्तीसारखी जाड झालेली माणसं येऊ लागली. या गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य आहे. वाळलेल्या झाडाची लव आणि भुगा वाऱ्यावर उडतो, म्हणजे गवताला हात न लावताही ते अंगावर येतं. ज्यांना ते बाधलं त्यांच्यापैकी काहींना गाव सोडावं लागलं. काही जण दगावले अशाही नोंदी झाल्या.

दवाखान्यांतल्या नोंदींत या आजाराचे रुग्ण पुरुष जास्त दिसतात. खुरपणीला मात्र बायाच जास्त असतात. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. त्यामागे शरीरातलं काही कारण असेलही. पण दवाखान्यात न पोचलेल्या बाईची नोंद कोणत्या वहीत सापडणार?

बाया मुकाट सोसतात एवढंच खरं नाही, त्या उपायही काढतात. कोकणात काजूच्या बिया फोडणाऱ्या हातांना राख किंवा तेल लावून बसतात, कारण टरफलातलं तेल बिब्ब्यासारखं उततं. दोन्ही झाडं एकाच कुळातली. नागपूर-भंडाऱ्याकडे सातऱ्यावर, म्हणजे मिरचीचे देठ काढतात त्या जागी, दिवसभर देठ खुडणाऱ्या बायांच्या हातांची आग रात्री झोपू देत नाही. मिरचीतला तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून नुसत्या पाण्याने धुऊन आग पसरते आणि आधी तेल चोळून मग साबण लावला तर उतरते. हे शास्त्र कामावरच्या माणसांनी आधी शोधलं. कोणी त्यांना विचारायला गेलं असतं तर पुस्तकात लवकर आलं असतं.

विचारायला गेलेला एक माणूस होता. इटलीतल्या मोदेना गावचा डॉक्टर बर्नार्दिनो रामाझिनी. त्याच्या घरचा शौचकूप साफ करायला आलेला माणूस फार घाईघाईने काम उरकत होता. रामाझिनीने त्याला थांबवून कारण विचारलं. तो म्हणाला, इथं जास्त वेळ राहिलं की डोळे जातात. त्यातून रामाझिनी वेगवेगळ्या धंद्यांतल्या लोकांकडे जाऊ लागला, आणि १७०० साली त्याने कामगारांच्या आजारांवरचं पुस्तक छापलं. त्यात डॉक्टरांना त्याचं सांगणं आहे की रोग्याला जे प्रश्न विचारायची रीत आहे त्यांत आणखी एक घाला: तुझा धंदा काय? तीनशे वर्षं उलटली. आपल्या सरकारी दवाखान्याचा केसपेपर आठवा. नाव, वय, लिंग, गाव. व्यवसायाची रेघ असलीच तर तिच्यापुढे ‘मजुरी’. मजुरी तर सिमेंटचीही असते, मिरचीचीही असते.

कायद्याने हे दुखणं ओळखलेलं आहे, हे मुद्दाम सांगायला हवं. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत रसायनं आणि रंगांच्या स्पर्शाने होणारा त्वचारोग होता. असा रोगी दिसला तर डॉक्टरने कारखाना निरीक्षकांना कळवायचं असे. त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे. पण कारखान्याची यादी स्वयंपाकघराला आणि शेताच्या बांधाला लागत नाही. आणि जिथं लागते तिथंही कळवायचं कधी? आधी कोणी धंदा विचारला तर. ॲलर्जी नेमकी कशाची आहे हे शोधणारी चाचणीही साधी आहे: संशयित द्रव्यांचे ठिपके पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवायचे आणि कुठे लाल होतं ते बघायचं. त्याला पॅच टेस्ट म्हणतात. बऱ्याच मोठ्या रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांत ती होते. अडचण एवढीच की ती लावायला एक रोज जातो, बघायला दुसरा, आणि पुन्हा बघायला तिसरा.

आता बसा. मनन इथं संपवलं तरी चालेल, पण हातात काही काम असलेलं बरं.

तुमच्या घराचं किंवा सोसायटीचं काम निघालं असेल तर साइटवर स्वच्छ पाण्याचं एक वेगळं पिंप ठेवायला सांगा. अवजारं धुतलेल्या पाण्यात हात धुणं म्हणजे पुन्हा चुन्यात हात घालणं. थिनर किंवा रॉकेलने हात पुसू देऊ नका. साधा साबण आणि कामानंतर लावायला पेट्रोलियम जेलीचा मोठा डबा ठेवा, खोबरेलही चालेल. कोणाच्या बुटात ओला माल गेला तर काम थांबवून पाय धुवायची मुभा आधीच जाहीर करा, म्हणजे त्याला विचारावं लागणार नाही. घरात काम करणाऱ्या ताईंना अस्तराचे हातमोजे आणि लांब दांड्याचा मॉप द्या, ॲसिड देऊ नका, आणि हात फुटले असतील तर ओली कामं महिनाभर तुम्ही करा, पगार न कापता. डॉक्टर असाल तर ट्यूब लिहिण्याआधी धंदा विचारा, आणि गावी गेल्यावर बरं वाटतं का तेही. सिमेंट विकत घेणारे असाल, आणि घर बांधणारा प्रत्येक जण असतो, तर दुकानदाराला आणि कंपनीला लिहून विचारा की पोत्यात षट्‌संयुजी क्रोमियम किती आहे आणि हिराकस घातला आहे का. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा. पिंपाचे, जेलीचे आणि हातमोज्यांचे पैसे ठेकेदाराच्या बिलातून कापू नका. ते शेवटी मजुराच्याच रोजातून जातात. तुम्ही द्या.